आरपीई६५ जनुकातल्या बिघाडास खुले पत्र

बडा फुहारा, जबलपूर

आरोपीस,
मुक्काम : पहिले गुणसूत्र, आखूड बाहू

धन्य तुझी! ५३३ अमिनो आम्लांच्या प्रथिनात एकच दुवा बिघडवायचा आणि अख्खे बालपण काळोखात लोटायचे, हा पराक्रम तुलाच शोभतो. बडा फुहाऱ्यावर दिवेलागणीला गर्दी उसळते, तेव्हा तू गाठलेले मूल आईचा पदर सोडत नाही, दुकानातल्या दिव्यांकडे टक लावून राहते. बोल लागतो आईला : गरोदरपणी ग्रहण पाळले नसेल! तू मात्र नामानिराळा.

प्रकाश पडला की डोळ्याच्या पडद्यातल्या ‘अ’ जीवनसत्त्वाच्या रेणूचा आकार बदलतो. पुन्हा पाहता यावे म्हणून तो पूर्ववत व्हावा लागतो. पडद्यामागच्या रंगद्रव्याच्या थरातले आरपीई६५ प्रथिन नेमके तेच करते, आणि तू नेमके तेच बंद पाडतोस. मग मुलाला गाजर, पालेभाजी, माशाचे तेल कितीही द्या. कच्चा माल पोचतो, कारखान्याला टाळे.

लपावे तर तूच. आईवडिलांकडे एकेकच सदोष प्रत, म्हणून दोघांची नजर ठणठणीत. दोन्ही प्रती एका मुलात आल्या की तू डोके वर काढतोस. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यात ही शक्यता चारात एक. मामाच्या मुलीशी सोयरीक करणाऱ्या घरांत तर तुझी चंगळच.

पण माज पुरे. नेत्रतज्ज्ञ लेबर यांनी १८६९ मध्ये या जन्मजात आंधळेपणाचे वर्णन केले. १९९७ मध्ये तू पकडला गेलास. २००१ मध्ये तुझ्यामुळे आंधळ्या झालेल्या कुत्र्यांना जनुकोपचाराने दिसू लागल्याचे जाहीर झाले. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत माणसांसाठी ‘लक्सटर्ना’ला परवानगी मिळाली : निरुपद्रवी विषाणूतून जनुकाची धड प्रत पडद्याखाली टोचायची. दोन डोळ्यांची किंमत तेव्हा ठरली साडेआठ लाख डॉलर! तुझ्या गुन्ह्यात ही किंमतही सामील आहे. शिवाय पडद्याच्या पेशी जिवंत असतील, तोवरच उपचाराचा उपयोग.

म्हणून आईबापहो, मूल अंधारात चाचपडत असेल, नजर थरथरत असेल, तर अंगारे-धुपाऱ्यांत वर्षे घालवू नका. पडद्याच्या डॉक्टरांना दाखवा, जनुक चाचणीबद्दल विचारा. आणि सरकारने हा उपचार गरिबाच्या मुलाच्या आवाक्यात आणावा.

एक मराठी जबलपूरकर