बाईंच्या पोर्चात कोण आलं होतं

अहो, ऐकलंत का? जरा कुंपणाशी या, मोठ्यानं बोलण्यासारखं नाही. तुंगार्लीच्या टेकडीवरचा तो काचेचा बंगला, मुंबईच्या बाईंचा हो... तिथं परवा रात्री पाहुणा येऊन गेला. चार पायांचा, ठिपक्याठिपक्यांचा! सीसीटीव्हीत आख्खा दिसतोय. पोर्चातून आला, पांढऱ्या गाडीचं टायर हुंगलं, स्विमिंग पूलवर वाकून निवांत पाणी प्यायला आणि मागच्या भिंतीवरून गेलासुद्धा. बाई आत एसी लावून गाढ झोपलेल्या.

सकाळी माळ्यानं गुलाबाच्या वाफ्यातला पंजा दाखवला, तर म्हणतात, "कुत्र्याचा असेल." माळी जुना माणूस. म्हणाला, "बाई, कुत्र्याच्या पंजाला पुढं नखं उमटतात. ह्याला कुठायत? हा नखं आत ओढून चालतो." झालं! चेहरा असा उतरला म्हणे, की हातातला ग्रीन टी तसाच गार झाला.

मग काय, व्हिडिओ ग्रुपवर. आपला ग्रुप तुम्हाला ठाऊकच आहे. कचऱ्याची गाडी आठवडाभर आली नाही तरी कोणी चकार शब्द काढत नाही, आणि आता पाच मिनिटांत साठ मेसेज. पिंजरा लावा, वनखातं झोपलंय का, ह्याला उचलून लांब कुठंतरी सोडा... एकानं तर शूटर बोलवू म्हणून लिहिलं! त्यावर आमच्या ह्यांनी फक्त एवढंच टाकलं, "बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या परिशिष्टात आहे. शूटरच्या आधी वकील बोलवा." सगळे चिडीचूप. शूटरवाल्यांनी मेसेज डिलीट केला, पण मी स्क्रीनशॉट ठेवलाय हो.

शेवटी वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन लावला. फॉरेस्टचा पोरगेला गार्ड आला बाइकवरून. मी मुद्दाम कढीपत्ता मागायच्या निमित्तानं गेले होते. त्यानं पंजा पाहिला, फोटो काढला आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? "मॅडम, चिकनची हाडं कुठं टाकता?" बाई गप्प. माळी आभाळाकडे बघायला लागला. भिंतीपलीकडे जाऊन पाहिलं, तर शनिवार-रविवारच्या बार्बेक्यूचा ढीग, आणि त्यावर सात-आठ गावठी कुत्री! गार्ड म्हणाला, "तो तुमच्याकडे नाही आला, ह्यांच्याकडे आला. तुम्ही कुत्र्यांना जेवायला घालता, कुत्री त्याला." बाईंच्या तोंडाचा रंग त्यांच्या त्या इटालियन टाइल्सच्या जवळपास गेला.

तरी पिंजऱ्याचा हट्ट सुटेना. मग त्यानं जुन्नरचं सांगितलं. आठवतं ना, २००१ ते २००३? दिसला बिबट्या की धर, नेऊन दुसऱ्या जंगलात सोड. झालं काय, तर वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे ते सतरावर गेले. बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय बाईंनी सगळं मांडून ठेवलंय. अनोळखी जागी टाकलेलं जनावर बिथरतं हो, आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरं येऊन बसतं. आणि तो आजोबा नावाचा बिबट्या नव्हता का, ऊर्मिला मातोंडकरच्या पिक्चरमधला? खराखुरा होता तो. २००९ साली पारनेरकडे टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडला, काढला, गळ्यात कॉलर घालून माळशेजला सोडला. तर हा गडी सव्वाशे किलोमीटर चालत थेट मुंबईच्या नॅशनल पार्कात! वाटेत किती गावं, किती माणसं, कोणाला नखसुद्धा लावलं नाही. शेवटी २०११ ला हायवेवर गाडीखाली गेला बिचारा. हे ऐकून बाईंच्या डोळ्यांत पाणी. पण मग विचारतात काय, "म्हणजे आमचाही चालत मुंबईला येऊ शकतो?" अहो, लोखंडवाल्याचा फ्लॅट आठवला असणार त्यांना!

तर काय सांगत होते... हां, आमची ठाकरवाडीतली मावशी. तिला सांगितलं तर भांडी घासता घासता म्हणते, "त्यात काय बोंब मारायची? आमच्याकडं वाघबारशीला त्याला नैवेद्य असतो. रात्रीचा जातो तर जाऊ द्या की." आणि परत तारेच्या घासणीला लागली. मी बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हाऊ स्वीट." आता ह्यावर आपण काय बोलणार!

मी म्हणते, बिबट्याचं एवढं नाही हो, पावसाळ्यात मला भीती घोणशीची. बाहेरच्या बुटात, लाकडांच्या ढिगात, गाडीच्या कव्हरखाली. पलीकडच्या वहिनींनी पायपुसणं उचललं तर खालून कुकरची वाफ सोडल्यासारखा आवाज! त्यात ती अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते, वीस-तीस, कधी त्याहून जास्त. वहिनी आठ दिवस पलंगावरून पाय खाली टाकेनात. सर्पमित्र मुलानं बरणीत घालून नेली. जाता जाता सांगून गेला, चावली तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिक नाही, थेट सरकारी दवाखाना. ते अँटीव्हेनम नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चौघांवर चालतं. राजमाचीच्या वाटेवर फांदीला हिरवागार चापडा लटकलेला असतो ना, तो त्यात नाही. आणि ही पोरं त्याच्याजवळ जाऊन सेल्फी काढतात!

पोरांवरून आठवलं. आमच्या भाच्याच्या ऑफिसची गँग लोहगडला आली होती. सेंट फवारलेला, स्पीकर लावलेला, वर कड्याखाली सिगरेट. आग्या मोहोळ उठलं! एक माशी डसली की तिथं असा वास राहतो म्हणे, की बाकीच्या नेमक्या त्याच जागी तुटून पडतात. टीम लीडर सगळ्यांच्या पुढं पळाला... पोरांनी ते अजून विसरलेलं नाही. अप्रेझलमध्ये काढणार आहेत.

माकडांचं तर बोलायलाच नको. लायन्स पॉइंटला पर्यटकांनी कणसं भरवून भरवून अशी चढवून ठेवलीत, की आता घरात शिरून सरकता दरवाजा सरकवतात. बाईंच्या फ्रिजमधलं चीज गेलं ते त्यांनीच. बाईंना वाटत होतं माळी खातो!

पण खरी बातमी पुढंच आहे. काल आमच्या सुनेनं मोबाइलवर त्या बंगल्याची जाहिरात दाखवली, भाड्यानं देतात ना वीकएंडला. त्याच सीसीटीव्हीचा फोटो वर, आणि खाली काय, "लेपर्ड कंट्री एक्स्पीरियन्स"! रात्रीचं भाडं दीडपट! पिंजऱ्यासाठी सह्या गोळा करणारं हेच घर हो! मी माळ्याला विचारलं, तर म्हणाला, "मी बाईंना फोनवर एवढंच विचारलं, पाहुण्यांनी बिबट्या दिसला नाही म्हणून पैसे परत मागितले तर?"

मग? काय म्हणाल्या?

"काही नाही. म्हणाल्या, हाडं भिंतीपलीकडेच टाकत जा."