बटव्यात मावणारा फोन

"बाई, तुमचा भाचा पुण्याहून आला आन् फोन घ्यायला नगरला गेला म्हणं? पुण्यात फोन मिळत न्हाईत व्हय?"

आक्कांना बातमी कुठून लागते हे विचारायचं नसतं. राहुरीच्या आमच्या या टोकाला दोन घरांमध्ये छातीएवढी भिंत आहे. पलीकडे त्यांची म्हैस, अलीकडे माझी गोकर्णाची वेल. सकाळची भांडी आटोपली की आक्का भिंतीवर कोपरं टेकवतात आणि मग दोघींचीही कामं खोळंबतात.

"मिळतात हो. पण त्याला लहान पाहिजे. आयफोन मिनी. तो कंपनीने बंद केला, म्हणून वापरलेला शोधत हिंडतोय. कापडबाजाराजवळ एका दुकानात आहे असं कळलं, की निघाला."

"बंद केला? मंग खराब आसंल."

खराब नव्हता, हेच तर दुखणं. 2020 साली बारा नंबरच्या आयफोनाबरोबर पहिला मिनी आला. पडदा 5.4 इंची, वजन जेमतेम 135 ग्रॅम. ज्यांनी पाहिला त्यांनी वाहवा केली. पुढच्या वर्षी तेरावा मिनी आला, त्याची बॅटरीही आधीच्यापेक्षा बरी होती. 2022 मध्ये चौदावा आयफोन आला तेव्हा मिनी गायब, त्याच्या जागी मोठा प्लस. वर्षभराने उरलासुरला तेरावा मिनीही दुकानातून उठला. कौतुक करणारे पुष्कळ होते, पैसे मोजणारे थोडे.

आक्कांनी क्षणभर विचार केला. "म्हंजी आपल्याकडं एखादी सालस पोरगी आसती तसं. समदे नाव चांगलं घेत्यात, पन स्थळ काही येत न्हाई."

यावर मी काय बोलणार? भाच्याने मला अर्धा तास जे समजावलं होतं, ते त्यांनी एका वाक्यात उरकलं.

"पन मोठ्या फोनाचं सुख तरी काय हाये?" आक्का गाडी पुढे हाकत म्हणाल्या. "आमच्या थोरल्या दिरांनी घेतला की पाटीएवढा. सदऱ्याच्या खिशात ठिवला, मोटर का चालंना म्हणून हिरीत वाकून पाह्यलं, आन् फोन गेला खाली. पंधरा हजार गेले पान्यात. मोटर चालूच होती, पाइप फुटला होता."

"आणि बायकांचं काय?" मी म्हटलं. "साडीला खिसा नाही. पंजाबी ड्रेस शिवताना टेलर खिसा ठेवत नाही, ठेवलाच तर त्यात रुमालसुद्धा नीट बसत नाही. मोठा फोन हातात तरी धरा, नाहीतर पिशवीत टाका आणि वाजला की तळापर्यंत हात घाला."

आक्कांनी कमरेचा बटवा काढून दाखवला. तंबाखूची पुडी, दहाच्या तीन नोटा, किल्ली आणि बटणांचा फोन. चार-चार दिवस चार्जिंग लागत नाही. त्यांच्या मालकांकडेही तसलाच आहे, कारण शेतातल्या मोटरचा स्टार्टर सिमकार्डावर चालतो. घरातून फोन लावला की पलीकडे मोटर सुरू. रात्रपाळीची लाइट असेल तेव्हा याची किंमत कळते. उसात बिबट्या, बांधावर काळोख, आणि एका हातात काठी. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने जो चालेल तोच फोन खरा. नोकियाने 2003 साली 1100 काढला, तो अशाच लोकांकडे बघून काढला होता: टॉर्च, धूळ आत जाऊ न देणारी बटणं, वजन 86 ग्रॅम. जगभरात 25 कोटींच्या घरात खपला.

मग लोकांनी हे सोडलं कशाला? मी आमच्या शाळेतलाच हिशेब सांगितला. 2011-12 च्या सुमारास तिथल्या सगळ्या तरुण शिक्षकांकडे गॅलेक्सी वाय असायचा. तीन इंची पडदा, मुठीत झाकला जायचा. त्याच 2011 साली सॅमसंगने 5.3 इंचांचा नोट काढला, तेव्हा कानाला पाटी लावून कोण बोलणार म्हणून जग हसलं होतं. पण तेव्हा फोनवर करायचं तरी काय होतं? बोलायचं, मेसेज टाकायचा, फार तर गाणं ऐकायचं. इंटरनेटचा पॅक मारला तरी जपून, थेंबाथेंबाने वापरायचा. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा फुकट झाला, आणि फोन कानावरून उतरून डोळ्यांसमोर आला. डोळ्यांसमोर आलेली वस्तू लहान कोण घेईल? दुसऱ्याच वर्षी जिओने 1500 रुपये अनामत ठेवून 2.4 इंची बटणांचा फोन दिला. तोही घरोघर गेला, पण त्यावर व्हिडिओ पाहणाऱ्यांनी पुढचा फोन मोठाच घेतला.

"तुमच्याकडे काय होतं संध्याकाळी?" मी विचारलं.

"काय व्हायचंय? नातवाचा फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठिवायचा. आधी म्हातारीचं कीर्तन, मंग घोडेगावच्या कांद्याचा भाव, मंग सुनेची मालिका. पोरगं रडाया लागलं की त्याचं कार्टून. तो काय मपला फोन हाये का? तो घराचा हाये."

मला वाटतं इथेच सगळी मेख आहे. पुण्या-मुंबईतले शौकीन लहान फोनासाठी हळहळतात, कारण त्यांच्याकडे मोठ्या पडद्याचं काम करायला टीव्ही, लॅपटॉप, टॅब असं सगळं वेगळं असतं. त्यांना फोन फक्त खिशात हवा असतो. आमच्याकडे पाच माणसांत एकच पडदा. तोच टीव्ही, तोच पोराचा अभ्यास, तोच बाजारभाव. पाच जणांनी मिळून घेतलेली वस्तू एकाच्या मुठीच्या मापाची कशी असेल? आणि जगात अशी घरं जास्त आहेत. कंपन्या आमच्याकडे बघूनच कारखाने चालवतात, भाच्याकडे बघून नाही.

एवढ्यात अंगणवाडीच्या ताई रस्त्याने चालल्या होत्या, त्या फाटकाशी थांबल्या. विषय कळताच उसळल्या. "लहान फोन? नावही काढू नका. आम्हाला सरकारी फोन दिले होते ते आठवतात ना? दोन जीबी रॅम. पोषण ट्रॅकर उघडायला जायचं तर फोन तापायचा, मध्येच अडकून बसायचा. त्यात ॲप इंग्रजीतून. अक्षर मुंगीएवढं, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर, डोळ्यांवरून कपाळावर. 2021 ला आम्ही ठिकठिकाणी मोर्चे काढून फोन परत केले. मला विचाराल तर पडदा खिडकीएवढा द्या."

त्यांचं खोटं नाही. फोन आता ऑफिस झालाय. शेतकऱ्यालाही 2021 पासून ई-पीक पाहणीसाठी स्वतःच्या बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो, गट नंबर निवडावा लागतो. भर दुपारच्या उन्हात, पन्नाशीच्या डोळ्यांनी. ज्याने ही ॲपं आखली, त्याने समोर मोठा पडदा गृहीत धरूनच आखली. त्यामुळे फोनचा पसारा वाढवण्यात कंपन्यांइतकाच सरकारचाही हात आहे, असं माझं मत. ताईंनी मान डोलावली आणि पोरांची खिचडी राहिलीय म्हणून पळाल्या.

बाकी कारणं आमच्या चौकातल्या मोबाइलवाल्या पोराने सांगितली होती, तीही आक्कांपर्यंत पोचवली. फोन लहान केला तरी आतली चिप, 5जी, कॅमेरा यांची भूक तेवढीच राहते, पण बॅटरीला जागा कमी पडते. मिनीची बॅटरी सव्वादोन हजार एमएएचच्या आसपास, आणि आता साध्या अँड्रॉइडलाही पाच हजारांची असते. शिवाय लहान म्हणजे स्वस्त असं गिऱ्हाईक धरूनच चालतं. बनवायला मात्र खर्च जवळपास तेवढाच. मग कंपनीने नफा कुठून काढायचा?

"एकानं बी ठिवला न्हाई का मंग?"

"धरून बसले होते काही. आसूसचा झेनफोन काही वर्षं लहान होता, 2024 ला त्यांनीही मोठा काढला. आयफोन एसई होता, 2025 मध्ये तो गेला आणि त्याच्या जागी 6.1 इंची आला. त्याच वर्षी वनप्लसने छोटा फोन, छोटा फोन म्हणून मोठा गाजावाजा केला. पडदा किती? 6.32 इंच. पंचावन्न हजारांना."

"छोटा?" आक्कांनी दोन्ही हातांनी माप दाखवलं आणि इतक्या मोठ्याने हसल्या की म्हैस दचकली.

इंचांचं माप तसं फसवं असतं हेही सांगायला हवं होतं. इंच मोजतात तिरके, आणि जुन्या फोनला पडद्याभोवती जाड काठ असायचे. त्यामुळे नोट आणि मिनी यांच्या पडद्यांत इंचाचा फरक नसला तरी मिनी त्याच्यापेक्षा बोटभर अरुंद होता. पण तेवढ्यात भाचा दारात उतरला.

मिळाला होता. निळा, गुळगुळीत, तळहातात हरवून जाणारा. बॅटरी अर्ध्या दिवसातच मान टाकते म्हणून दुकानदाराने किमतीत थोडं कमी केलं. त्या वाचलेल्या पैशांत भाच्याने पॉवरबँक घेतली होती, ती फोनपेक्षा जड. मी काही बोलले नाही. त्याच्या तोंडावरचा आनंद बघण्यासारखा होता.

आक्कांनी भिंतीवरून हात लांब करून फोन मागून घेतला. मुठीत धरला, वजन जोखलं, बटव्यात घालून पाहिला. बसला. दोरी ओढून बटवा कमरेला खोचला, दोन पावलं चालून पाहिली. मग बाहेर काढून भाच्याला म्हणाल्या, "दादा, घोडेगावच्या कांद्याचा भाव लाव बरं यात." त्याने लावला. आक्कांनी फोन हातभर लांब धरला, डोळे बारीक केले, आणखी लांब धरला. हात संपला.

"लई ग्वाड फोन हाये," म्हणत त्यांनी तो परत दिला. "पन मला नगं. आन् दादा, तुपल्या लग्नाचं कुठवर आलं?"