बर्फावरची कायनेटिक

बुधवार पेठेत बर्फ दिसतो तो रसवंतीत, गोणपाटात गुंडाळलेला. त्यापलीकडे आमच्या वाड्याचा बर्फाशी संबंध नाही. तरीही बर्फावर चालणारी गाडी कशी दुरुस्त करावी, याबद्दल वाड्यातल्या प्रत्येकाला ठाम मत आहे. मत देण्याआधी वस्तू पाहिलेली असावी, अशी अट पेठेत कधीच नव्हती.

निमित्त भाच्याचं. तो मिनेसोटात असतो. नोकरी, घर, दोन मोटारी असं सगळं रीतसर झाल्यावर त्याने एक जुनी स्नोमोबाइल घेतली. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा आणि मध्ये टू-स्ट्रोक इंजिन. क्विबेकच्या बोंबार्डिए नावाच्या गृहस्थांनी १९५९ साली ‘स्की-डू’ विकायला काढली, तेव्हापासून तिकडच्या बर्फाळ मुलखात ही गाडी मुरली आहे. भाच्याची गाडी उन्हाळाभर गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली होती. २०२३च्या नोव्हेंबरात त्याने चालू करायची दोरी ओढली, तर ढिम्म. तिथल्या मेकॅनिकचा तासाचा दर ऐकल्यावर त्याला मामाची आठवण झाली.

मामाची, म्हणजे माझी पात्रता एवढीच की आमच्या जिन्याखाली वडिलांची टू-स्ट्रोक स्कूटर उभी आहे आणि ती अजून चालते. ती चालते याचं श्रेय खरं तर गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या चाचांचं. म्हणून इकडे रात्रीचे आठ आणि तिकडे सकाळचे साडेआठ अशी वेळ ठरवून मी चाचांना व्हिडिओ कॉलला बसवलं. बाकीचे न बोलावता बसले.

पासोड्या विठोबाजवळ इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान असलेल्या शेजाऱ्यांनी गाडी दिसायच्या आतच “सर्किट गेलंय” असं जाहीर केलं. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी केवढ्याला घेतली ते विचारलं आणि विकायचा सल्ला दिला. पण खरा अधिकार वरच्या मजल्यावरच्या काकूंचा. त्या टूरबरोबर गुलमर्गला जाऊन स्नोमोबाइलवर प्रत्यक्ष बसल्या आहेत. मागच्या सीटवर, डोळे मिटून, पण बसल्या आहेत. “त्या मुलानं नुसतं बटण दाबलं होतं रे,” त्या फोनमध्ये ओरडल्या, “तू बटण शोध!”

“काकू, हिला बटण नाहीये. दोरीच आहे.”

“मग तुला फसवलं.”

चाचा इतका वेळ गप्प होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, “प्लग ओला आहे का कोरडा?”

या प्रश्नाबद्दल मला नितांत आदर आहे. टू-स्ट्रोकला वेगळे व्हॉल्व्ह नाहीत, हलणारे भाग मोजके, त्यामुळे रुसायची कारणंही मोजकीच. प्लग पेट्रोलने भिजलेला असेल तर आधी ठिणगी तपासायची. कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही. अर्धा तपास तिथेच संपतो, तोही एका पान्यात. भाच्याने दोन्ही सिलिंडरचे प्लग काढून कॅमेऱ्यासमोर धरले. खडखडीत कोरडे.

“कार्बोरेटर खोला. बारीक जेट बुजलाय.”

कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळ उरते. इंजिन चालू होताना लागणाऱ्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, ते आधी बुजतं. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, तिकडे मक्याचं, इकडे उसाचंही, आणि ते हवेतलं पाणी ओढतं. (रसवंतीवाल्याचा या प्रकरणाशी संबंध येईल असं मला वाटलं नव्हतं.) जेट साफ करायला चाचांनी क्लचच्या जुन्या केबलमधली एक तार सोडवून घ्यायला सांगितलं. मिनेसोटात स्कूटरची केबल कुठली? भाच्याने मुलीच्या गिटारची सगळ्यात बारीक तार घेतली. मुलीला विचारलं होतं का, ते त्याने सांगितलं नाही.

एवढं उघडलंच आहे तर बाजूचं झाकणही काढा, असं चाचा म्हणाले. आत दोन पुली आणि त्यांवर जाड रबरी बेल्ट. वेग वाढला की एक पुली मिटते, दुसरी उघडते, गिअर नाहीतच. चाचा फोनवर जवळजवळ ओणवे झाले.

“अहो, ही तर कायनेटिक!”

वाड्यात एकदम ओळखीची लाट पसरली. १९८४ साली आमच्या पुण्याच्या फिरोदियांनी होंडाबरोबर काढलेली कायनेटिक होंडा टू-स्ट्रोक, बिनगिअरची, अशाच बेल्टवर चालणारी. तिने किती प्राध्यापिकांना नि बँकेतल्या बायकांना क्लच दाबण्यातून सोडवलं! चाचांनी तसल्या गाड्यांचे बेल्ट ढिगाने बदललेत. आता ते मिनेसोटाच्या माणसाला बेल्टच्या कडा झिजल्यात का पाहा, पुलीला ग्रीसचा हात लावू नका, असं घरच्यासारखं दरडावू लागले. बँकेच्या काकांनी विकण्याचा सल्ला मागे घेतला.

जेट बसला, दोरी ओढली, पुन्हा ओढली, आणि गाडी फर्रकन सुरू झाली. गॅरेज निळ्या धुराने भरलं. वास फोनमधून येत नाही, तरी चाचांनी खोल श्वास घेतलेला मी पाहिला.

पुढचं संकट आमच्यापैकी कुणाच्याच हातातलं नव्हतं. त्या वर्षीचा मिनेसोटाचा हिवाळा विक्रमी उबदार निघाला. बर्फच पडेना. आणि कोरड्या जमिनीवर ही गाडी दामटता येत नाही. पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर सरकतो, त्यांना ओलावा आणि गारवा बर्फाकडूनच मिळतो. काकूंनी भाच्याला गुलमर्गला बोलावलं. पण जानेवारी २०२४ मध्ये पेपरात गुलमर्गचे जे फोटो आले, त्यात डोंगर उघडेबोडके होते. काकूंनी तो पेपर रद्दीत लवकर टाकला.

मी चाचांना सांगितलं, गाडी एकदम फिट आहे, फक्त बर्फ नाही. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला नाही.

“उभीच राहणार म्हणता? मग त्यांना आत्ता फोन लावा. कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून टाकायला सांगा.”