मुकादमाआड उभ्या असलेल्या अध्यक्षांना

मा. अध्यक्षसाहेब,

आपल्या साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत एका सभासदानं विचारलं, तोडणी मजुरांच्या कोप्यांवर पाणी आणि संडास का नाही? तुम्ही माइक ओढून म्हणालात, "ते आपले कामगार नाहीत, मुकादमाचे आहेत." पुढच्या रांगेतून टाळ्या पडल्या. हे पत्र त्या एका वाक्यापुरतं आहे. वाक्य भर सभेत बोललात, म्हणून उत्तरही उघड देतो.

मजुराला आगाऊ दिली जाणारी उचल कुणाच्या तिजोरीतून निघते, साहेब? हंगामाआधी कारखाना वाहतूकदाराला देतो, वाहतूकदार मुकादमाला आणि मुकादम बीड-पाथर्डीच्या, नाहीतर आपल्याच जत-आटपाडीच्या जोडप्याला. टोळी कुठल्या फडात शिरणार, ते तुमचा शेतकी विभाग ठरवतो. वजन तुमच्या काट्यावर होतं. तोडणी-वाहतुकीचा खर्च तुम्ही माझ्या उसाच्या बिलातून कापता. पैसा तुमच्या हातून, हुकूम तुमचा, काटा तुमचा, आणि ऊस तोडणारा माणूस तेवढा परका! जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा मजूर संघटनांसमोर बोलणी करायला तुमचाच साखर संघ बसला होता. जे तुमचे कामगारच नाहीत, त्यांची मजुरी तुम्ही कोणत्या नात्यानं ठरवता?

नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवस उजाडण्याआधी दोघं फडात असतात. ती ऊस तोडते, पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते, मग कोपीवर येऊन भाकरी थापते. हिशेबात मात्र तिचं नाव नसतं. मजुरी नवऱ्याच्या नावावर पडते आणि तीही उचलीत वळती होते. तापानं अंथरूण धरलं की खाडा, आणि खाड्याचा दंड पुन्हा उचलीच्या डोक्यावर. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी आली. सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, पाणी नाही आणि एक दिवस बसली तर खाडा. त्यात पोटदुखी घेऊन गेलेल्या बाईला पिशवीच काढून टाकायला सांगणारे डॉक्टर भेटले. त्या बायका हंगामाला आपल्याकडेही येतात. आपल्या गव्हाणीत पडणाऱ्या उसात त्यांचा हात आहे.

तुमची अडचण मला ठाऊक आहे. उचल घेऊन मुकादम पळतात, वाहतूकदार देशोधडीला लागतात, हे खोटं नाही. टोळ्या आम्हा शेतकऱ्यांकडून एकरी जादा पैसे मागतात, त्याचा रागही मला येतो. पण हे सगळं एकाच रीतीतून उगवलेलं आहे. माणसाशी थेट करार करायचा नाही, त्याला कर्जानं धरून ठेवायचं, आणि अंगावर आलं की मधल्या माणसाकडे बोट दाखवायचं, ही ती रीत. ती तुम्ही निवडलीत. दुसरी निवडता आली असती, आणि त्यासाठी लांब जायची गरज नव्हती.

१९१० मध्ये बेळगावातून बाहेर पडावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर लक्ष्मणरावांनी कारखान्याबरोबर माणसांची वस्ती उभी केली. तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्यांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. गाव ज्यांच्याकडे चोर म्हणून बघत होतं, त्यांच्या हाती त्यांनी आपला माल सोपवला. पुढं त्याच औंध संस्थानानं १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. भिंतीवाचूनचा तुरुंग. खुनाची शिक्षा झालेले कैदी तिथं बायकापोरांसह राहायचे, शेती करायचे. व्ही. शांतारामबापूंचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट त्यावरूनच सुचला. संस्थान छोटं, तिजोरी बेताची, आणि तरी खुन्यावर एवढा भरवसा. तुमच्या फडातल्या माणसानं कुणाचा जीव घेतलेला नाही, तरी त्याला पोराच्या आजारपणातसुद्धा मुकादमाला विचारल्याशिवाय गावी जाता येत नाही.

याच कुंडलच्या परिसरात नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं सावकारांना जरब बसवली. तुम्ही दरवर्षी नानांच्या तसबिरीला हार घालता आणि हंगामाआधी त्याच हातानं उचलीच्या चेकवर सही करता. हार घालणाऱ्या माणसाला ती सही करताना लाज वाटायला हवी.

येत्या हंगामाचे करार अजून झालेले नाहीत. प्रत्येक कोयत्यातल्या दोघांची नावं करारात आणि कारखान्याच्या वहीत घाला. बाईच्या वाट्याची मजुरी तिच्या खात्यावर भरा. खाड्याचा दंड बंद करा. कोप्या पडतील तिथं टोळी येण्याआधी पाण्याची टाकी आणि संडास उभे करा. खर्च सभासदांच्या माथी बसेल म्हणाल, तर माझ्या बिलातून टनामागं काय कापायचं ते कापा. त्याला माझी लेखी संमती सोबत जोडली आहे. बॉयलर पेटण्याआधी संचालक मंडळात ठराव घ्या आणि त्याची प्रत नोटीस बोर्डावर लावा. ठराव फेटाळलात, तर विरोधात हात वर करणाऱ्या संचालकांची नावंही तिथंच लावा.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद