कर्जतला सादळलेला कॅमेरा

आमचं कर्जत कोणतं, हे आधी सांगून टाकतो. लोकल जाते ते नव्हे. स्टेशनात बटाटेवडा मिळतो ते तर नव्हेच, कारण आमच्याकडे स्टेशनच नाही. आमचं कर्जत नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आता अहिल्यानगर. सिद्धटेकचा गणपती आमच्या तालुक्यात, राशीनची देवी आमच्या तालुक्यात, काळविटांचं रेहेकुरी आमच्या तालुक्यात. पाऊस तेवढा दुसऱ्यांच्या तालुक्यात.

तीस वर्षं मी इथल्या शाळेत चित्रकला शिकवली. लाल आणि पिवळा मिळून नारिंगी होतो, हे किती पोरांना सांगितलं त्याचा हिशेब नाही. निवृत्त झालो आणि फंडाच्या पैशातून कॅमेरा घेतला, तोही फक्त काळे-पांढरे फोटो काढणारा. डिजिटलच, पण जन्मापासून रंगांधळा. आणि रंगीतापेक्षा महाग.

“अहो, एशियाडच्या वेळी अख्खा देश रंगीत टीव्हीच्या मागे धावला,” बायको म्हणाली. “तुम्ही आता जास्तीचे पैसे मोजून उलटे धावताय.”

1982 सालची ती गोष्ट तिच्या पक्की लक्षात आहे, कारण आमच्याकडे रंगीत टीव्ही त्यानंतर तब्बल अकरा वर्षांनी आला. मी तिला शांतपणे समजावलं, म्हणजे तास घेतला. म्हटलं, प्रत्येक डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर मुळात रंगांधळाच असतो. त्याला नुसता उजेड कळतो, रंग कळत नाही. म्हणून त्याच्या एकेका ठिपक्यावर रंगीत चष्मा चढवतात. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांनी ही युक्ती काढली आणि 1976 साली तिचं पेटंट मिळालं. चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. प्रत्येकाला एकच रंग दिसतो; बाकीचे दोन तो शेजाऱ्याकडे बघून लिहितो. सरळ कॉपी! माझ्या कॅमेऱ्यातले चष्मेच काढून टाकलेत. इथे प्रत्येक ठिपका आपला पेपर आपण सोडवतो. चष्म्यात अडकून उजेडही वाया जात नाही, म्हणून फोटो जास्त रेखीव येतो.

“पहिला डिजिटल कॅमेरासुद्धा काळा-पांढराच होता,” मी पुढे म्हणालो. “1975 साली स्टीव्ह सॅसन यांनी केलेला. एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागायचे.”

“ते असू दे. याला हिरवी मिरची आणि लाल मिरची वेगळी दिसते का?”

नाही दिसत. दोन्ही जवळपास सारख्याच करड्या. त्यावर उपाय म्हणून भिंगापुढे लाल किंवा पिवळी काच लावतात. लाल काचेनं निळं आभाळ गडद होतं, लाल वस्तू उजळतात. तर मी पिवळी, नारिंगी आणि लाल अशा तीन काचा मागवल्या. रंग काढून टाकल्याबद्दल आधी पैसे भरले, मग रंग विकत आणले. ही पावती बायकोला अजून दाखवलेली नाही. हा लेख ती वाचणार नाही, या भरवशावर लिहितोय.

एवढं सगळं केलं ते रेहेकुरीसाठी. 1980 साली झालेलं हे अभयारण्य जेमतेम 2.17 चौरस किलोमीटरचं आहे. वाघ बघायला जाणारे लोक त्याला अभयारण्य म्हणायला कचरतात. पण तिथला नर काळवीट हा देवानं काळ्या-पांढऱ्या कॅमेऱ्यासाठीच घडवलाय. वरून काळाभोर, पोट पांढरं, डोळ्याभोवती पांढरी कडी, वर पीळदार शिंगं. रंगीत कॅमेऱ्याला तिथे काही कामच नाही. एक घोटाळा मात्र मला उशिरा कळला. काळविटाचा काळा रंग पावसाळ्यानंतर चढतो आणि उन्हाळ्यापर्यंत उतरून तपकिरी होतो. आणि मी एप्रिलमध्ये गेलो. काळवीट विटलेला!

फोटो बघताना डाग दिसले ते त्याच दिवशी.

काळवीट राहिला बाजूला, मागच्या आभाळात बारीक गोल ठिपके. मधे टाचणीच्या डोक्याएवढा काळसर बिंदू आणि भोवती फिकट कडं, चंद्राला खळं पडतं तसं. धूळ असेल म्हणून भिंग पुसलं. ठिपके तिथेच. भिंग बदललं. तिथेच. शेजारचे अण्णा गच्चीत डोकावले, स्क्रीनकडे डोळे बारीक करून बघत राहिले आणि एकदम म्हणाले, “मास्तर, ढग आलेत का ओ? कुठल्या अंगाला?”

मी त्यांना डाग म्हणून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त पडला.

पुण्याच्या एका कॅमेरा-कारागिरानं फोनवर तपासणी सांगितली: भिंगाचं छिद्र एफ-सोळावर ठेवा आणि मोकळ्या आभाळाचा फोटो काढा. छिद्र बारीक केलं की सेन्सरसमोरचा डाग लपत नाही. (एफ-सोळा ऐकून अण्णांनी विमानासाठी वर पाहिलं. नगरला रणगाड्यांचा सराव चालतो, त्यामुळे आमच्या लोकांना सगळंच शक्य वाटतं.) मोकळं आभाळ मिळवायला इतर गावांतल्या फोटोवाल्यांना वाट बघावी लागते. आमच्याकडे ते वर्षातले आठ-नऊ महिने फुकट मिळतं, इस्त्री केल्यासारखं. त्या आभाळावर मी सत्तावीस डाग मोजले. एखाद्या ढगाळ गावात राहत असतो तर हा आजार मला कधी कळलाच नसता.

आजाराचं नाव ‘सेन्सर करोजन’. सेन्सरला डोळ्यांना न दिसणारी अवरक्त किरणंही दिसतात. ती अडवायला त्याच्यासमोर पातळ काच बसवतात. माझ्या कॅमेऱ्यात भिंग सेन्सरच्या फार जवळ येतं, त्यामुळे काच जाड करून चालत नाही. पातळ राहूनही किरणं पिऊन टाकेल अशी खास काच त्यात घातली. ती हुशार, पण प्रकृतीनं नाजूक. दमट हवा तिला सोसत नाही. वर पातळ लेप असतो, तोवर ठीक. लेपाला कुठे बारीकशी चीर गेली की ओल आत शिरते आणि तिथे काच खराब व्हायला लागते. बायकोला हे मी अर्धंच सांगितलं आणि पुढचं तिनेच पूर्ण केलं. “म्हणजे कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक कळकतं तसं.” अगदी तसंच. तीस वर्षं मास्तरकी करून मला हे एका वाक्यात सांगता आलं नसतं.

पण दमट हवा? कर्जतमध्ये? वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला तर आम्ही बरं वर्ष म्हणतो. इथे पापड उघडे ठेवले तरी सादळत नाहीत, सुपारी ओली राहत नाही, आणि माझ्या कॅमेऱ्याला ओल लागली! मग आठवलं. कॅमेरा मी वापरलेला घेतला होता, मुंबईच्या एका गृहस्थांकडून. ते समुद्राच्या अगदी काठाला राहायचे आणि हे त्यांनी विकताना मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. कॅमेऱ्याला मुंबईचं पाणी लागलेलं होतं. लक्षणं इथे येऊन दिसली.

आता सेन्सर बदलायचा. कंपनीचं नाव मी घेत नाही. परदेशातली जुनी, खानदानी कंपनी आहे आणि तिनं दोष कधी नाकारला नाही. सुरुवातीला तिनं सेन्सर फुकट बदलून दिले. मग पैसे घेऊन बदलले. मग नवीन सेन्सरच संपले. मी तिसऱ्या पायरीवर पोचलो होतो. रेशनच्या रांगेत आपला नंबर लागला की साखर संपते, तो अनुभव इथेही कामी आला. चिडलो नाही.

शेवटी अमेरिकेतल्या भाच्यानं एक कारागीर शोधला. तो सेन्सर तसाच ठेवून नुसती वरची काच उतरवतो आणि न सादळणारी नवी बसवतो. ऐकायला सोपं आहे, चष्म्याची काच बदलण्यासारखं. प्रत्यक्षात काच चिकटवलेली असते आणि खाली माणसाच्या केसाहून नाजूक तारा. हात हलला की कॅमेऱ्याचा पेपरवेट होतो. भाच्यानं विचारलं, “मामा, धोका पत्करायचा?” मी म्हटलं, चष्मा मोडेल, डोळा तर आधीच गेलाय.

पाच महिन्यांनी काम झालं. भाच्यानं कॅमेरा बबलरॅपमध्ये गुंडाळून, वर सिलिकाच्या पुड्या घालून, खोक्यावर ठसठशीत ‘कर्जत, महाराष्ट्र’ लिहून पाठवला. जिल्हा लिहायला तो विसरला. पिनकोडही.

जुलै महिना. पार्सल रायगडच्या कर्जतला गेलं.

तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरवर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा त्याच महिन्यात. ओल सोसत नाही म्हणून सातासमुद्रापार जाऊन नवी काच घालून आलेला माझा कॅमेरा, माथेरानच्या पायथ्याला एका गोदामात आठ दिवस बसून होता. मी रोज फोन करत होतो. पलीकडून पावसाचा आवाज ऐकू यायचा. “साहेब, इथं लई पाऊस आहे, गाड्या निघत नाहीत,” असं गोदामातला मुलगा म्हणायचा तेव्हा मला स्पष्ट दिसायचं: खोकं सादळतंय, पुड्या फुगताहेत, डाग उगवताहेत.

नवव्या दिवशी कॅमेरा हातात आला. तडक गच्ची गाठली. एफ-सोळा. मान वर केली तर आभाळ गच्च भरलेलं. पाच वर्षांत असा जुलै झाला नव्हता. खाली अण्णा अंगणात उभे राहून दोन्ही हात जोडत होते. पुढचे सहा दिवस ढग हलले नाहीत. साऱ्या कर्जतमध्ये ऊन पडावं म्हणून वाट बघणारा मी एकटाच होतो, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. मार खाल्ला असता.

शेवटी गावातल्या एका देवळाच्या ताज्या चुन्याच्या भिंतीचा फोटो काढला. फोटो मोठा करून इंच-इंच तपासला. डाग नव्हता. एका कोपऱ्यात काळं दिसलं, छातीत धस्स झालं. ती मुंगी होती.

कॅमेरा आता बायकोच्या पापडाच्या स्टीलच्या डब्यात असतो, सिलिकाच्या पुड्यांसकट. पापड बाहेर आलेत. त्यांचं काही बिघडलेलं नाही.

आणि कुणाला मला काही पाठवायचं असेल तर एवढं करा: पिनकोड 414402. चुकूनही 410201 लिहू नका.