एचसीजी संप्रेरकास अनावृत पत्र

प्रति,
मानवी कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपिन ऊर्फ एचसीजी,
मुक्काम : झटपट वजन उतरवून देणारी केंद्रे, सर्वत्र

विषय : उपासमारीच्या कामाचे श्रेय परस्पर लाटल्याबाबत

एचसीजी हे गरोदरपणात वारेतून स्रवणारे संप्रेरक. गर्भ टिकवण्यासाठी लागणारे प्रोजेस्टेरॉन सुरुवातीच्या आठवड्यांत त्याच्या जोरावर मिळत राहते. गरोदर स्त्रियांच्या लघवीतून ते वेगळे काढता येते. वंध्यत्वावरील उपचारांत आणि वृषण खाली न उतरलेल्या मुलांसाठी डॉक्टर ते वापरतात. इथवर सदर संप्रेरकाचे चारित्र्य निष्कलंक आहे.

वजन उतरवण्याच्या पुढच्या प्रकरणाचे मूळ हिंदुस्थानात सापडते. डॉ. ए. टी. डब्ल्यू. सिमियन्स हे इंग्रज वैद्य 1931 मध्ये येथे आले व सुमारे 18 वर्षे राहिले. लठ्ठ मुलांना हे संप्रेरक देताना त्यांची खा-खा कमी होते, असे सिमियन्स यांना वाटले. पुढे रोममध्ये त्यांनी त्याची पद्धत बसवली आणि 1954 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती मांडली. पद्धत अशी : रोज 125 एककांचे इंजेक्शन आणि 500 कॅलरींचा आहार. एका जेवणाला चरबीविरहित 100 ग्रॅम मांस, एक भाजी, एक कडक टोस्ट आणि एक फळ. तेल-तूप वर्ज्य. दूध दिवसाला एक चमचा, तेही चहापुरते.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2020 च्या तक्त्यानुसार कष्टाचे काम करणाऱ्या 55 किलो वजनाच्या स्त्रीला रोज 2,720 कॅलरी लागतात. तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्याच्या खाचरांत, इरले पांघरून चिखलात दिवसभर वाकून भात लावणारी बाई याच वर्गातली. 500 कॅलरी म्हणजे तिच्या वाट्याला जेमतेम 140 ग्रॅम तांदूळ, आणि कालवणाच्या नावाने शून्य. एवढ्यावर तिचेही वजन उतरेल. त्यासाठी सुई टोचण्याची गरज नाही. बैठे काम करणाऱ्या स्त्रीची गरजही 1,660 कॅलरींची असल्याने तिचेही तेच होईल.

संशोधकांनी नेमके हेच तपासले. निम्म्यांना संप्रेरक, निम्म्यांना औषध नसलेले नुसते इंजेक्शन, आहार दोघांना सारखाच. दोन्हीकडे वजन सारखेच उतरले आणि भूकही सारखीच लागली. 1995 मध्ये या विषयावरील 24 अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला; लठ्ठपणावर एचसीजी उपयोगी असल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. अमेरिकेत तर 1970 च्या दशकापासून हे वाक्य औषधाच्या माहितीपत्रकातच छापावे लागते. सारांश, सदर संप्रेरक म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा.

एचसीजीच्या नावाने तोंडावाटे घ्यायला विकल्या जाणाऱ्या थेंबांच्या बाटलीची गोष्ट आणखी सोपी आहे. एचसीजी हे प्रथिन असल्याने गिळल्यावर ते डाळीसारखे पचून जाते. 2011 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा ‘होमिओपॅथिक’ थेंबांच्या विक्रेत्यांना ताकीद दिली. इंजेक्शनाचा मात्र एक परिणाम हमखास दिसतो : ते घेतलेल्या पुरुषाचीही गर्भचाचणी ‘होय’ सांगू शकते.

बाकीचे परिणाम हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. अतिअल्प आहारात आधी पाणी जाते, मग चरबीबरोबर स्नायूही झिजतात. पित्ताशयात खडे होऊ शकतात. पोटॅशियमसारख्या क्षारांचा तोल बिघडला तर हृदयाची लय चुकते. संप्रेरकामुळे डोकेदुखी, पुरुषांत स्तनवाढ, तर क्वचित रक्ताच्या गुठळ्या संभवतात. 800 कॅलरींखालचा आहार डॉक्टर मोजक्या रुग्णांना, ठरावीक मुदतीसाठी, तपासण्या करत देतात. त्यात या सुईला जागा नाही. मुदत संपून जुने खाणे सुरू झाले की उतरलेले वजन बहुधा परत चढते.

तरी सदर संप्रेरकाने वजन उतरवण्याचे श्रेय तात्काळ उपासमारीच्या नावे वर्ग करावे, वंध्यत्वाच्या दवाखान्यात आपल्या मूळ कामावर रुजू व्हावे आणि सुईचे पैसे ज्यांच्या खिशातून गेले त्यांना आधी डॉक्टरांकडे जाऊ द्यावे, ही विनंती.

कळावे.
वेल्हे, जिल्हा पुणे