कथलाचे दागिने : घडवावेत कसे, मिरवावेत कसे

सोन्याचा भाव ऐकून ज्यांच्या छातीत कळ येते, त्यांच्यासाठी ही कृती आहे. कथील सोन्याच्या नात्यागोत्यातले नाही, हे सुरुवातीलाच मान्य करावे. पुढचा मनस्ताप वाचतो.

साहित्य

शुद्ध कथलाची कांडी, जाड लोखंडी पळी, शेगडी, समुद्रफेस, कानस आणि घरातली मंडळी बाहेरगावी गेलेला एक दिवस.

बिस्किटांचा डबा कापू नये. तो पोलादी पत्रा. कथलाचा त्यावर नुसता हात फिरवलेला असतो. त्याची कर्णफुले पहिल्याच पावसाळ्यात गंजतील. डाखाची जुनी तारही नको. तिच्यात बहुधा शिसे असते. कांडीचा भाव ऐकून दचकू नये. कथील किलोमागे तांब्यापेक्षा महाग पडते. त्याला गरिबाचा धातू म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

कृती

१. समुद्रफेस म्हणजे माकलाच्या पाठीतले हाड. कोकणच्या किनाऱ्यावर वाहून येते, नाहीतर पिंजऱ्यातल्या पोपटासाठी विकत मिळते. दोन तुकडे घासून सपाट करावेत आणि एकावर खिळ्याने नक्षी कोरावी. नवशिक्यांनी कोयरी घ्यावी : बिघडली तर आंबा म्हणता येते, फारच बिघडली तर आधुनिक कला. वर ओतायला तोंड ठेवून तुकडे तारेने आवळावेत. हाडाच्या थरांच्या बारीक लाटा धातूवर उमटतात. त्या आपणच काढल्या, असे सांगावे.

२. कथील २३२ अंशांना वितळते. भज्यांच्या तेलाहून फार पुढे नाही. वर धरलेली राखाडी साय बाजूला सारून एका दमात ओतावे. साचा ठणठणीत कोरडा हवा. आत पाण्याचा थेंब राहिला तर त्याची वाफ होऊन तापलेले कथील अंगावर उडते. चष्मा, जाड हातमोजे, बंद बूट आणि उघडी खिडकी या चार गोष्टींत विनोद नाही. पळी पुन्हा फोडणीला वापरू नये.

३. कथलाची पट्टी वाकवताना करकर आवाज येतो. आतले स्फटिक झटक्यात जागा बदलतात, त्याचा तो आवाज. घाबरू नये. इथे दागिना रडतो. सोन्यात गिऱ्हाईक रडते.

निगा

कथलावर नखाचाही ओरखडा उठतो. दादरला चढताना गोल असलेले कडे कुर्ल्याला उतरेपर्यंत लंबगोल होते. हाताने दाबून पुन्हा गोल करावे.

तांब्यापितळेच्या सवयीने चिंच-मीठ चोळू नये. कोमट साबणपाणी आणि मऊ फडके पुरते.

शुद्ध कथील १३ अंशांखाली हळूहळू रूप पालटून भुरकट भुकटी होऊ शकते. निफाडकरांनी मात्र घाबरू नये. हा बदल जोर धरतो तो शून्याच्या बराच खाली, आणि कथलात अँटिमनी किंवा बिस्मथचा अंश असेल तर तिथेही अडतो.

कथलाची कानस सोन्याचांदीला लावू नये. तिच्यात अडकलेला कथलाचा कण त्यांच्याबरोबर तापला की आत शिरतो आणि दागिना नासवतो. म्हणून सोनाराच्या पेढीवर कथील घेऊन गेल्यास तो कान टोचणार नाही, पिळेल.

मिरवणे

खरी परीक्षा लग्नमंडपात. एखादी मामी हार चिमटीत धरून विचारतेच, "किती तोळ्यांचा गं?" थाप मारू नये. सोने पाण्याच्या एकोणीसपट जड, कथील जेमतेम सातपट; चिमटीला सगळे कळते. शांतपणे सांगावे, "मामी, तोळे नाहीत, नुसती घडणावळ आहे." सोन्यात घडणावळ बिलाच्या तळाशी असते आणि तिच्यावरूनच घासाघीस होते. इथे बिलात दुसरे काही नसतेच.

तरीही मामींना हार आवडला, तर तिथल्या तिथे गळ्यातून काढून देऊन टाकावा. सोन्याच्या बाबतीत हा प्रयोग करू नये.